डाळिंबाला ताण: किती द्यायचा, कधी तोडायचा आणि कळीत का द्यायचा नाही

"कळी निघाली की पाणी थोडं तोडा, फळ जास्त धरतं." सांगोल्यापासून सटाण्यापर्यंत हा सल्ला दर हंगामात फिरतो आणि दर हंगामात कुणाच्या तरी बागेत झाडाखाली कळ्यांचा सडा पडतो. ताणाने, म्हणजे ठरवून काही दिवस पाणी तोडण्याने, डाळिंबाचा बहार (फुलोरा) सुधारतो हे खरं आहे. पण तो ताण कळी दिसायच्या आधीचा. कळी दिसल्यावर दिलेला ताण म्हणजे निव्वळ तोटा, आणि फळ फुगताना दिलेला ताण म्हणजे तडकलेला माल.

डाळिंब आपल्या हवेत वर्षभर थोडंथोडं फुलत राहतं. पाणी तोडलं की शेंड्याची वाढ थांबते, पानांनी तयार केलेलं अन्न नव्या फुटीवर खर्च न होता काडीत साठतं. मग पानं गाळून पाणी दिलं की सगळे डोळे एकदम फुटतात आणि त्या फुटीबरोबर कळी येते. ताणाचं काम एवढंच. काडीत मुळात साठाच नसेल तर कितीही दिवस ताण द्या, निघते ती नर कळी किंवा नुसती पालवी.

पुढचे टप्पे याच क्रमाने करायचे. बहुतेक बागा औषध कमी पडल्यामुळे बिघडत नाहीत, क्रम चुकल्यामुळे बिघडतात.

## टप्पा १: बहार ठरवा, मग तारीख

डाळिंबाचे बहार तीन: आंबे, मृग आणि हस्त. आंबे बहाराला ताण नोव्हेंबर-डिसेंबरात, पाणी जानेवारीत, फळ जुलै-ऑगस्टात. मृगाला ताण एप्रिल-मेमध्ये आणि फळ डिसेंबर-जानेवारीत. हस्त बहाराला ताण ऑगस्ट-सप्टेंबरात, फळ मार्च-एप्रिलात.

भाव बघून बहार ठरवू नका, पाणी आणि तेल्या (पानं-फळांवर तेलकट डाग पाडणारा जिवाणूजन्य रोग) बघून ठरवा. आंबे बहाराचं फळ भर उन्हाळ्यात फुगतं. मे महिन्यात विहिरीला किती पाणी राहतं हे माहीत नसेल तर तो बहार धरू नये. मृगाला ताण आपोआप बसतो, पण कळी आणि लहान फळ पावसात सापडतं आणि पावसाच्या थेंबांबरोबर तेल्या झाडावरून झाडावर उडतो. ज्या बागेत गेल्या वर्षी तेल्या होता तिथे मृग धरणं म्हणजे आपल्या हाताने संकट बोलावणं. अशा बागेला हस्त बरा. हस्ताची अडचण निराळी: परतीचा पाऊस. भारी काळ्या जमिनीत त्या दिवसांत ताण बसता बसत नाही. म्हणून हस्त बहार मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीवाल्यांचा.

सावध: एका बागेतून वर्षात दोन बहार काढायचा मोह आवरा. झाडाला तोडणीनंतर तीन-चार महिने विश्रांती लागतेच.

## टप्पा २: झाड ताण सोसेल का, ते आधी बघा

तयारी ताणाच्या आदल्या दिवशी सुरू होत नाही. ती मागची तोडणी संपल्यावर पंधरवड्यात सुरू होते. मुख्य छाटणी तेव्हाच करायची: सुकलेल्या, रोगट, एकमेकींत घुसलेल्या फांद्या आणि बुडातले फुटवे काढायचे. शेणखत-रासायनिक खताचा विश्रांतीचा डोस तेव्हाच द्यायचा आणि पुढचे तीन महिने पानं जपायची. विश्रांतीत फवारण्या थांबवून "आता माल नाही, कशाला खर्च" म्हणणारा बागायतदार पुढच्या बहाराचं भांडवलच खातो. पानांवर ठिपके पडून ती गळाली तर काडीत अन्न येणार कुठून?

ताणाच्या महिनाभर आधी नत्र पूर्ण बंद करा. युरिया, १९:१९:१९ (आकडे खतातल्या नत्र:स्फुरद:पालाशाच्या टक्क्यांचे) काही नाही. द्यायचंच असेल तर ०:५२:३४ आणि नंतर ०:०:५०. या काळात कोवळी फूट निघाली तर काडी पिकत नाही.

आता बागेतून सावकाश एक फेरी मारा आणि ताण ज्यांना द्यायचा नाही अशा झाडांना फडकं बांधा:

- दोन वर्षांच्या आतली झाडं.
- एखादी फांदी अचानक पिवळी पडून वाळलेली, म्हणजे मर रोगाचा संशय असलेली झाडं.
- बुंध्यावर टाचणीएवढी भोकं आणि त्याखाली भुसा दिसतो अशी, खोडकिडा लागलेली झाडं.
- गेल्या बहारात फळांनी लगडलेली आणि अजून न सावरलेली झाडं.

या झाडांच्या लॅटरलला (ठिबकच्या ओळीतल्या नळीला) ड्रिपरच्या (थेंब सोडणाऱ्या तोटीच्या) जागी बारीक व्हॉल्व्ह लावून किंवा बादलीने त्यांचं पाणी चालू ठेवा. मर लागलेलं झाड ताणात टाकलं की हातचं जातं.

तपासा: पेन्सिलीएवढी काडी हातात घ्या. साल हिरवट-लालसर, लुसलुशीत असेल तर काडी कच्ची. राखाडी पडून किंचित खरखरीत लागली तर पिकलेली. बागेतल्या बहुतेक काड्या कच्च्या असतील तर पाणी तोडायची तारीख पुढे ढकला.

## टप्पा ३: पाणी तोडणे

हलक्या मुरमाड जमिनीत पाणी एका दिवसात बंद करू नका. दोन-तीन पाळ्यांत निम्मं, मग त्याच्या निम्मं, मग बंद. भारी जमिनीत सरळ बंद करा. तिथे जमिनीत साठलेलं पाणीच झाडाला हळूहळू ताणात नेतं.

हलक्या जमिनीत साधारण ३० ते ४० दिवस, मध्यम-भारी जमिनीत ६० दिवसांच्या आसपास, असं ढोबळ मोजमाप आहे. हे आकडे कॅलेंडरवर खूण करण्यापुरते. शेजाऱ्याने ४० दिवस दिले म्हणून आपणही ४०, हा हिशोब चुकतो, कारण त्याच्याकडे दीड फुटावर मुरूम आणि आपल्याकडे चार फूट काळी. एकाच गटात वरची पट्टी हलकी आणि नाल्याकडची भारी असेल तर दोन्ही पट्ट्यांचं पाणी वेगवेगळ्या दिवशी तोडा. भारी पट्टीचं आधी.

पाणी तोडल्यावर तीन चोरवाटा बघाव्या लागतात: गळकी लॅटरल, बांधापलीकडच्या उसाचं किंवा कालव्याचं पाझरणारं पाणी आणि मातीत ओल धरून ठेवणारं आच्छादन. नाल्याकडच्या दोन ओळींना ताण बसत नाही याचं कारण बहुधा यातच सापडतं.

तपासा: ताण सुरू होऊन पंधरवडा झाला की ड्रिपरपासून हातभर अंतरावर खड्डा घ्या. एक फुटावरची आणि दोन फुटांवरची माती मुठीत दाबा. एक फुटावरची भुरभुरली आणि दोन फुटांवरची अजून गोळा होते, तर ताण निम्म्यावर आलाय. डाळिंबाची बहुतेक मुळं या दोन फुटांतच असतात, त्यामुळे खड्ड्याएवढी खरी माहिती दुसरीकडे मिळत नाही.

पाऊस आला तर: वरची चार बोटं भिजली तर फरक पडत नाही. फूटभर ओल गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. मात्र पावसाने डोळे फुगून लालसर फूट निघालीच असेल, तर पुन्हा ताणाचा हट्ट धरू नका. तोच बहार धरा आणि सरळ टप्पा ६ वर या. अर्धवट निघालेली फूट ताणाने जाळली की काडीतला साठाही जातो आणि बहारही.

## टप्पा ४: ताण बसला हे ओळखणे

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ताणाची चिन्हं एकामागून एक येतात.

आधी शेंडे थांबतात. मग दुपारी पानं मलूल होतात, पण संध्याकाळी पुन्हा ताठ. इथे पाणी सोडणारे बरेच जण आहेत. झाड बघवत नाही म्हणून. हा ताण नव्हे, ताणाची सुरुवात. पुढच्या पायरीला पानं सकाळीसुद्धा मरगळलेली दिसतात, चमक जाते, आतली आणि खालची पानं पिवळी पडून गळू लागतात. झाडाखाली पिवळ्या पानांचा थर दिसतो. ३० ते ४० टक्के पानं अशी आपोआप गळली की ताण पुरा झाला.

यापुढे एक दिवसही वाढवू नये. "अजून आठ दिवस देऊ, कळी जोरात निघेल" हा हिशोब खोटा आहे. त्या आठ दिवसांत बारीक मुळं मरतात, काड्या शेंड्याकडून वाळायला लागतात आणि पाणी सोडल्यावर झाडाची पहिली ताकद कळी काढण्याऐवजी मुळं भरून काढण्यात जाते. खोडकिडासुद्धा अशाच थकलेल्या झाडाला शोधत येतो.

तपासा: वेगवेगळ्या झाडांच्या शेंड्याकडच्या काड्या नखाने खरवडा. सालीखाली हिरवं दिसलं पाहिजे. तपकिरी, कोरडं दिसू लागलं तर पानगळीची वाट न बघता हलकं पाणी द्या; पुढची कामं त्यानंतर.

## टप्पा ५: हलकी छाटणी, बोर्डो, पानगळ

क्रम हाच. आधी छाटणी, मग बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण), मग इथ्रेल (पानं गाळणारं औषध).

छाटणी हलकी: शेंड्याकडून चार-सहा इंच, पेन्सिलीएवढी जाडी राहील अशी. मुख्य छाटणी विश्रांतीत झालेली आहे, आता जाड फांद्यांना हात लावायचा नाही. जोरात छाटलं की फुटव्यांचं रान माजतं. कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा, विशेषतः तेल्याच्या बागेत.

छाटणी झाली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी १ टक्का बोर्डो. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. तयार मिश्रणात लोखंडी खिळा किंवा विळ्याचं टोक मिनिटभर बुडवून काढा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. चुन्याची थोडी निवळी घालून पुन्हा बघा.

पानगळीसाठी इथ्रेल, म्हणजे ३९ टक्के इथेफॉन, लिटरला १ ते २ मि.लि. किती घ्यायचं ते पानं सांगतात. निम्मी पानं पिवळी असतील तर १ मि.लि. पुरतं. मे महिन्यातल्या उन्हातही कमीच घ्या, कारण गरमीत त्याचा जोर वाढतो. पानं हिरवीगार असताना २ मि.लि.च्या वर जाऊन जबरदस्तीने गाळणं हा ताणाला पर्याय नाही. पानं गळतील, पण काड्याही वाळतील.

सावध: इथ्रेल आणि बोर्डो कधीही एकत्र करू नका, दोघांत चार-पाच दिवस राखा. इथेफॉन आम्ल द्रावणात टिकतं. पाण्याचा सामू (पीएच) वाढला की टाकीतच त्याचा वायू होऊन उडून जातो. बोअरचं पाणी खारं-चुनखडीचं असेल तर पाण्याचा सामू आधी उतरवून घ्या, आणि कालवलेलं द्रावण लगेच संपवा. सोबत लिटरला ५ ग्रॅम ०:५२:३४ चालतं, तेही आम्लधर्मीच. औषध डोळ्याला आणि कातडीला झोंबतं. चष्मा आणि हातमोजे घालूनच फवारा.

आठवडाभरात पानं गळायला हवीत. चार-सहा पानं शेंड्याला राहिली तर राहू द्या, दुसरी फवारणी नको.

एक महत्त्वाचं: संत्रा-मोसंबीवाल्यांनी हा टप्पा उचलू नये. त्या झाडांना ताण द्यायचा, पण इथ्रेलने पानं गाळायची नाहीत.

## टप्पा ६: खत आणि पहिलं पाणी

पानगळ झाली की आळ्यातली माती हलकी करून खत द्या, मुळं तोडू नका. पाच वर्षांच्या पुढच्या झाडाला शेणखत २० ते २५ किलो, निंबोळी पेंड २ किलो आणि नत्र-स्फुरद-पालाश ६२५:२५०:२५० ग्रॅम अशी सर्वसाधारण शिफारस आहे. पोत्यातल्या खताच्या भाषेत हे युरिया सुमारे १ किलो ३६० ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट सुमारे १ किलो ५६० ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश सुमारे ४१५ ग्रॅम होतं. माती परीक्षण केलेलं असेल तर त्यातला आकडा धरा. स्फुरद-पालाश आता, नत्र मात्र तीन हप्त्यांत. सगळा युरिया पहिल्या पाण्याबरोबर ओतला की कळीऐवजी फूट पळते.

आता पाणी. दीड-दोन महिने कोरड्या राहिलेल्या झाडाला पहिल्याच दिवशी तुडुंब पाणी देणं ही या अख्ख्या प्रक्रियेतली सर्वात महागडी चूक. बारीक मुळं ताणात गेलेली असतात. एकदम चिखल झाला की उरलेली कुजतात आणि वर जोरदार पालवी निघून कळी मागे पडते.

पहिलं पाणी हलकं: वरची फूटभर माती ओली होईल एवढंच. मग वाफसा (चिखल नाही आणि कोरडंही नाही अशी ओल) येऊ द्या. वाफशावर दुसरं पाणी, त्याहून थोडं जास्त. तिसऱ्या-चौथ्या पाळीला नेहमीच्या मात्रेवर या. हलक्या जमिनीत या पाळ्या जवळजवळ, भारीत लांब.

तपासा: पहिलं पाणी सोडायच्या आधी ड्रिपर मोजा. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली १५ मिनिटं भांडं ठेवलं तर १ लिटर भरलं पाहिजे. दोन महिने बंद राहिलेल्या लॅटरलमध्ये क्षार आणि मुंग्या बसतात. ओळीच्या शेवटच्या झाडांना निम्मंच पाणी जात असेल तर त्यांची कळी आठ-दहा दिवस मागे निघेल आणि ताणाचा सगळा फायदा, म्हणजे एकसारखी कळी, तिथेच संपला.

## टप्पा ७: कळी ते सेटिंग (फळधारणा), इथे ताण नाही

पाणी सोडल्यापासून साधारण महिनाभरात कळी दिसते. थंडीत थोडा उशीर होतो. इथून पुढे जमीन कायम वाफशावर. सुकू द्यायची नाही आणि चिखलही करायचा नाही.

या वेळी पाणी तुटलं की झाड आधी कळी टाकतं. पान आणि खोड वाचवायचं म्हणून जे सर्वात नवं, सर्वात जास्त मागणारं आहे तेच सोडून देतं. कळीत पाणी तोडून "फळ धरलं" असं ज्यांना वाटतं त्यांच्या बागेत बहुधा भारी जमीन असते. आधी पाणी जास्तच होत होतं, ते कमी झाल्यावर मुळांना हवा मिळाली आणि सेटिंग सुधारली. ते श्रेय वाफशाचं.

कळीगळ दिसली की घाबरायच्या आधी गळलेल्या कळ्या ओंजळीत घेऊन बघा. बूड निमुळतं, घंटेसारखी असेल ती नर कळी. ती गळणारच, तिला फळ लागत नाही. बूड गोल-फुगीर, सुरईसारखी असेल ती फळ धरणारी. ओंजळीत नर कळ्या जास्त असतील तर काही करायचं नाही. सुरईसारख्या गळत असतील तर पाणी, थ्रिप्स (फुलकिडे) आणि बोरॉनची कमतरता या क्रमाने कारण शोधा.

कळीगळ रोखायला संप्रेरक वापरायचं तर एनएए १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग). ४.५ टक्क्यांच्या औषधाचं प्रमाण १०० लिटरला २२ मि.लि. पडतं. "जरा जास्त" टाकलं की उलटं होऊन कळी गळते, म्हणून हे झाकणाने नव्हे, मापाने मोजा.

सावध: फुलं उमललेली असताना बोर्डो नको. कीटकनाशक टाळता येत नसेल तर संध्याकाळीच फवारा. मधमाश्या सकाळी कामावर असतात. त्या मेल्या तर वरचे सगळे टप्पे बिनचूक करूनही सेटिंग मिळणार नाही.

## टप्पा ८: सेटिंगनंतर

फळ लिंबाएवढं झालं की विरळणी. पाचेक वर्षांच्या निरोगी झाडावर ६० ते ८० फळं ठेवा. जोडफळांतलं एक काढा, पहिल्या लाटेची ठेवा. उशिरा निघालेली कळी खुडून टाका, नाहीतर तोडणीच्या वेळी एकाच झाडावर तीन वयांची फळं लटकतात आणि व्यापारी त्यावर बोट ठेवतो.

पाण्याची पाळी आता तोडणीपर्यंत चुकवायची नाही. भगवा या जातीला फुलापासून तोडणीला सुमारे सहा महिने लागतात. या काळात साल ठरावीक वेगाने वाढते. मध्येच सुकवून मग भरपूर पाणी दिलं, किंवा सुकलेल्या बागेवर पाऊस झाला, की दाणे फुगतात आणि साल तडकते. वीज नाही म्हणून चार दिवस पाणी हुकलं असेल तर भरपाई एका दिवसात करू नका. नेहमीच्या निम्म्याने सुरू करून दोन-तीन पाळ्यांत मात्रा वर न्या.

रंग आणि गोडी यावी म्हणून शेवटच्या महिन्यात पाणी तोडायचा सल्लाही मिळेल. आंबे बहारात तर तो अजिबात ऐकू नका: तुमचं फळ जुलै-ऑगस्टात पिकतं, आणि कोरड्या झाडावर पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेट तडकलेल्या फळांचेच भरतात.